साराभाईंचा लिफाफा कितीला घ्यावा?

डॉ. विक्रम साराभाईंच्या पहिल्या स्मृतिदिनी, ३० डिसेंबर १९७२ रोजी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. दर्शनी किंमत २० पैसे. त्याच दिवशीचा शिक्का असलेला लिफाफा, म्हणजे प्रथम दिवस आवरण, आज विकत घेताना मात्र आपण पैसे मोजतो ते शिक्क्याचे आणि कागदाच्या अवस्थेचे. नाव मोठं आहे म्हणून विक्रेत्याने सांगितलेली किंमत मान्य करू नका.

नव्या तिकिटांसाठी सगळ्यात स्वस्त वाट टपाल खात्याचीच. मुंबई किंवा नागपूर जीपीओसारख्या मोठ्या कार्यालयात २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट खातं उघडता येतं. मग नवे लिफाफे घरपोच येतात आणि पैसे खात्यातून वळते होतात. लिफाफ्याची किंमत अधिक तिकिटाचं दर्शनी मूल्य, एवढाच हिशेब. डॉ. कलामांचं तिकीट १५ ऑक्टोबर २०१५ रोजी निघालं ते ५ रुपयांचं होतं. तेव्हा खातं असलेल्यांना तो लिफाफा किरकोळ किमतीत मिळाला. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर खातं त्याच्या नावाने काढा. टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेत निवड झाली तर वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते.

जुना लिफाफा घेताना घाई नको. दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. शिक्क्याची तारीख पूर्ण वाचता आली पाहिजे, आणि शाई तिकिटावरून सलग लिफाफ्यावर उतरलेली हवी. तिकिटाच्या कडेशी रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली, तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. मागची चिकटपट्टी उघडून पिवळे डाग बघा. डाग असतील तर भाव पाडून मागा, नाहीतर सोडून द्या. पत्ता लिहिलेला लिफाफा बहुधा स्वस्त पडतो. मला तर असाच आवडतो, कारण तो खरोखर टपालातून फिरून आलेला असतो.

डॉ. होमी भाभांचं १५ पैशांचं तिकीट (४ ऑगस्ट १९६६) अवकाश शास्त्रज्ञांच्या संग्रहात हवंच. कारण आपली पहिली अवकाश संशोधन समिती १९६२ मध्ये भाभांच्या अणुऊर्जा खात्याखालीच स्थापन झाली होती.

परदेशी लिफाफ्यांत अमेरिकी रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गोडार्डचा आधी घ्या: ५ ऑक्टोबर १९६४, ८ सेंट, शिक्का रॉझवेलचा. गोडार्डने रॉकेटच्या चाचण्या तिथेच घेतल्या होत्या. वायुगतिकीतज्ज्ञ थिओडोर फॉन कार्मानचं अमेरिकी तिकीट १९९२चं, २९ सेंटचं. अमेरिकेत लिफाफ्यावरची चित्रं खासगी कंपन्याही छापतात, त्यामुळे एकाच तिकिटाचे कितीतरी प्रकार मिळतात. सगळे जमवत बसू नका. एकेक मागवलं तर टपालखर्चच लिफाफ्याहून जास्त होतो. चार-पाच एकदम मागवा.

अल्बमसाठी हात आखडू नका. पीव्हीसीची पाकिटं कागद आणि शाई दोन्ही खराब करतात, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. कोकणात, गोव्यात पावसाळ्याआधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अल्बम उभे लावा.