हिंदमाताचा वाटा आणि इंग्लंडमधलं घर

इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालात की सॉलिसिटर सुरुवातीलाच विचारतो, जगात आणखी कुठे तुमचं घर आहे का? आपला माणूस बिनधास्त 'नाही' लिहून मोकळा होतो. मुंबईत हिंदमाताला साडीबाजाराच्या मागच्या गल्लीत आई राहते, ते त्याच्या हिशेबी 'आईचं घर'. पण जागा वडिलांच्या मालकीची होती आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्यानं आईइतकाच वाटा प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलंय, म्हणजे जागा तिची एकटीची झाली, असं समजू नका. नॉमिनी हा वारस नव्हे. इंग्लंडमध्ये रुळलेली आम्ही कुटुंबं नवीन येणाऱ्यांना ज्या गोष्टी सांगतो, त्यांत ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये घरखरेदीवर स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स लागतो. एप्रिल 2016 पासून त्यावर दुसऱ्या घराचा अधिभार आहे. आधी 3 टक्के होता, 31 ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्के झाला, आणि तो पहिल्या पौंडापासून पूर्ण किमतीवर बसतो. एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी साडेचार लाख पौंडांच्या घराचा हिशेब पाहा. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर कर 7,500 पौंड. ती सवलत नसेल तर 12,500. अधिभार लागला की 35,000.

मधला आकडा कुणाला, ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिल्या घराच्या सवलतीसाठी जगात कुठेही, कधीही, वारशानंसुद्धा घरात मालकीचा वाटा आलेला चालत नाही. वाटा किती लहान ते पाहत नाहीत. अधिभाराला मात्र उंबरठा आहे. तुमच्या वाट्याची किंमत 40,000 पौंडांच्या आत असेल तर तो धरत नाहीत. हे रुपयांत साधारण 46 लाख होतात, तेही विनिमय दराप्रमाणे पुढेमागे. समजा, दीड कोटीची जागा आहे आणि आई, तुम्ही, बहीण असे तिघं वारस. तुमचे 50 लाख झाले, म्हणजे उंबरठा ओलांडला. शिवाय वारशानं आलेला निम्मा किंवा त्याहून कमी वाटा पहिली 3 वर्षं अधिभारासाठी बाजूला ठेवतात. वडील नुकतेच गेले असतील तर ही मुदत लक्षात ठेवा.

नवरा-बायको अधिभारासाठी एकच धरले जातात. घर फक्त बायकोच्या नावानं घेऊ, ही युक्ती चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर वाटा केला तरी तो आईबापांचाच मोजतात.

आता दिलाशाची बाब. इथलं राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेत असाल, तर हिंदमाताचा वाटा कितीही मोठा असो, अधिभार लागत नाही. जुनं घर नव्या खरेदीच्या आधीच्या 3 वर्षांत विकलेलं असावं. आधी नवं घेतलं, जुनं अजून अंगावर आहे, तर अधिभार भरावा लागतो. पण 3 वर्षांत जुनं विकलं की परतावा मिळतो. त्यासाठी विक्रीनंतर 12 महिन्यांच्या आत अर्ज करा. जुनं घर भाड्यानं देऊन वर्षानुवर्षं दुसरीकडे राहिलात तर मात्र पंचाईत: नवी खरेदी आधी आणि जुन्याची विक्री नंतर असेल, तर खरेदीआधीच्या 3 वर्षांत केव्हातरी तुम्ही त्या घरात राहिलेले असायला हवं. आणि भाड्याचं घर सोडून पहिलं घर घेणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही, कारण त्यानं राहतं घर विकलेलंच नसतं. थोडक्यात, नवख्यालाच फटका जास्त. हा नियम न्याय्य आहे, असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

परळ-दादर भागात आणखी एक पेच असतो, पागडीचा. पागडीची खोली म्हणजे भाडेकरूचा हक्क, मालकी नव्हे. पण उपकरप्राप्त इमारतीचा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली पुनर्विकास होऊन किमान 300 चौरस फुटांचा फ्लॅट हातात आला, की तोच भाडेकरू मालक होतो आणि किंमतही भलतीच वाढते. त्यामुळे सॉलिसिटरला 'फॅमिली फ्लॅट' असं मोघम सांगू नका. भाडेपावती आहे की करारनामा, ते दाखवा.

हक्कसोडपत्र करून वाटा आईला देता येतो. महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. मात्र ते इथल्या खरेदीच्या आधी नोंदवलेलं हवं, आणि मुंबईला जाणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं लागतं. त्यात महिने जातात. पण घाई करू नका. वरच्या उदाहरणात अधिभार सुमारे 26 लाख रुपयांचा, वाटा 50 लाखांचा, आणि सोडलेला हक्क मागून परत मिळत नाही. आईसाठी सोडायचाच होता तर जरूर सोडा. नुसत्या करापायी नको.

खरेदीआधीच्या वर्षात 183 दिवस ब्रिटनमध्ये झाले नसतील तर आणखी 2 टक्के द्यावे लागतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे दुसऱ्या घराचा अधिभार 8 टक्के आहे.

घरं बघायला सुरुवात करण्याआधी मुंबईला फोन लावा, जागा आज नेमकी कुणाकुणाची आहे ते विचारा आणि कागदांच्या प्रती मागवून घ्या.