अंतराचा हिशेब : श्रीनगर ते लेह

व्यापाऱ्याच्या तोंडी 'लांब' व 'जवळ' हे शब्द नित्य असतात; परंतु अंतर म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. धान्याच्या धंद्यात भावाइतकेच भाडे महत्त्वाचे, आणि भाड्याचे मूळ अंतरात. म्हणून हा विषय आम्ही तरुण व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत. उदाहरणादाखल हिमालयातील श्रीनगर व लेह ही दोन ठिकाणे घेऊ.

प्रथम सरळ अंतर पाहू. दोन्ही शहरे उत्तर अक्षांश 34 च्या आसपास वसली आहेत. श्रीनगरचे रेखांश सुमारे 74.8 व लेहचे 77.6, म्हणजे फरक 2.8 अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर भरतो. ध्रुवाकडे जावे तसतसा तो आखूड होतो व येथे सुमारे 92 किलोमीटर राहतो. गुणाकार केला की सुमारे 257 किलोमीटर येतात.

ताशी 800 किलोमीटर वेगाच्या विमानास हे अंतर वीस मिनिटांचे. तथापि थेट विमानास सुमारे पाऊण तास धरावा लागतो. धावपट्टीवरील चाल, चढण, पर्वत टाळून घ्यावयाची वळणे व उतरण यांत तो वेग मिळत नाही. अल्प अंतराच्या उड्डाणात वेळ खर्ची पडतो तो चढउतारातच.

सडकेने हेच अंतर सुमारे 420 किलोमीटर होते. वाटेत सुमारे 3,500 मीटर उंचीचा झोजीला व 4,100 मीटरांचा फोतुला हे घाट लागतात. बहुधा कारगिलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेह गाठतात. हिवाळ्यात झोजीला बर्फाने बंद पडतो. बर्फ हटविण्याच्या कामामुळे बंदीचा काळ अलीकडे बराच घटला असला, तरी लडाखचा धान्यसाठा हिमवर्षावापूर्वीच भरून ठेवावा लागतो.

विमानाने ही अडचण पुष्कळ दूर केली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांच्यासह डाकोटा विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरविले. परंतु लेहचा विमानतळ 3,200 मीटरांहून उंच आहे. तेथील विरळ हवेत पंखांस आधार कमी मिळतो व यंत्राचे बळही घटते. म्हणून विमानास भार कमी घ्यावा लागतो. दुपारच्या वाऱ्यामुळे उड्डाणेही बहुधा सकाळीच होतात.

आपल्या श्रावकाचारातील दिग्व्रतात दहा दिशांची मर्यादा सांगितली आहे. त्यांत ऊर्ध्व व अधो या दिशाही येतात. व्यापारी मात्र नकाशा पाहताना नेमकी ऊर्ध्व दिशा विसरतो.

आम्हीही ती विसरलो होतो. एके पावसाळी बेळगावहून गोव्यास तांदूळ धाडताना नकाशावरील अंतर पाहून आम्ही पोचता भाव बोललो. घाटात दरड कोसळली, लॉऱ्या लांबच्या वाटेने न्याव्या लागल्या, आणि भाड्याचा फरक आमच्या अंगावर पडला. दिलेला शब्द पाळला. पण वर्षाच्या नफ्यातील मोठा भाग त्यात गेला.

तेव्हापासून पोचता भाव बोलण्यापूर्वी आम्ही तीन आकडे मांडतो : सडकेचे अंतर, वाटेतील चढण आणि त्या ऋतूत लागणारे दिवस. सरळ रेषेचे अंतर पक्ष्यास पुरते. गोणी भरलेल्या लॉरीस पुरत नाही. नव्या पिढीने हा हिशेब तोटा न सोसता शिकावा, एवढीच आमची इच्छा.