कच्छच्या डोंगरातले शंख

माझ्या आजीच्या देवघरात एक काळाभोर शाळिग्राम होता. त्याच्या एका बाजूस भोक होते आणि आत घड्याळाच्या कमानीसारखे चक्र दिसे. "हे कोणी कोरले?" असे मी विचारी. "कोणी कोरलेले नाही; गंडकी नदीत तो असाच मिळतो," असे ती सांगे. तिचे बोलणे अक्षरशः खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कच्छमध्ये कळले.

मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकत असताना, एका फाल्गुनात आमचे सर आम्हां आठ विद्यार्थ्यांना घेऊन भूजला गेले. शंख शोधण्यासाठी इतक्या दूर का जायचे, असे तुम्हांला वाटेल. पण आपला सह्याद्री थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या काळ्या फत्तरात समुद्रातला शंख कोठून सापडणार? शंखशिंपल्यांना गाळ लागतो. प्राणी मरून समुद्राच्या तळाशी पडावा, त्यावर थरामागून थर बसावेत आणि त्या गाळाचा खडक व्हावा, तेव्हा कोठे जीवाश्म तयार होतो. कच्छमध्ये सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी असा उथळ समुद्र होता.

आम्ही पहाटेच भूज सोडले. वायव्येस चारी गावाजवळ कीरा नावाचा डोंगर आहे. त्याच्या उत्तरेस बन्नीचे गवताळ मैदान पसरलेले दिसते. ऊन अजून कोवळे होते. नेपतीच्या निष्पर्ण झुडपांवर लाल फुले आली होती. त्या रखरखीत माळावर वसंताची एवढीच काय ती खूण!

कीरा डोंगराचे थर घुमटासारखे वर उचलले गेले आणि पुढे त्यांचा माथा झिजून गेला. त्यामुळे तो आडव्या चिरलेल्या कांद्यासारखा दिसतो. कडेकडून मध्याकडे चालू लागले, की आपण अधिकाधिक जुन्या थरांवर पाऊल ठेवतो. "प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळा आणि ती कोणत्या थरातली, ते लगेच लिहा," असे सरांनी बजावले होते.

पहिल्याने मिळाली बंदुकीच्या गोळीसारखी निमुळती कांडी. ते बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याच्या शरीरातले कठीण टोक होते. मग मी एक शिंपला उचलला. "नीट पाहा," सर म्हणाले. "शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असतात. ह्याची मात्र एक मोठी, एक लहान. पण प्रत्येक झडपेची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. हा शिंपला नव्हे, ब्रॅकिओपॉड!" दिसण्यात भाऊ, पण कुळ निराळे.

नंतर खसखशीएवढ्या गोल कणांनी भरलेला सोनेरी छटेचा चुनखडक लागला आणि त्यात मला ॲमोनाइट दिसला. तळहाताएवढा, वेटोळा, वर बारीक धारी. आजीच्या शाळिग्रामातले चक्र ते हेच! हा प्राणी शंखाच्या शेवटच्या खोलीत राही. वाढला की पुढे सरके आणि मागे पडदा घालून घेई. मागच्या खोल्यांतील वायूमुळे तो पाण्यात तरंगे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ह्यांचे कुळ नष्ट झाले. कोकणातल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारे माकूल त्यांचे दूरचे नातलग.

मी हातोडी आणि छिन्नी चालवली. शंख अखंड निघाला! त्या आनंदात मी तो तसाच झोळीत टाकला आणि मग दिसेल ते टाकीत सुटलो.

दुपारी एका बाभळीखाली सरांनी झोळ्या उघडायला सांगितल्या. माझा ॲमोनाइट सर्वांत सुंदर होता. "हा कोठला?" त्यांनी विचारले.

"इथलाच, सर. ह्या डोंगरावरचा."

"डोंगरावर थर किती आहेत! त्यांतल्या कोणत्या?"

मला सांगता येईना. त्यांनी शंख बाजूला ठेवला. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. मग त्यांनी स्टोलिच्का यांची हकिगत सांगितली. १८७१–७२ साली ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने कच्छ पायाखाली घालून थराथरांतले जीवाश्म जमवले. चारी हे थरांचे नावही तेव्हाचेच. पुढे वागेन यांनी त्या ॲमोनाइटांवर ग्रंथ लिहायला घेतला. तो १८७५ साली पुरा झाला. त्याआधीच, १८७४ मध्ये, लडाखच्या डोंगरात स्टोलिच्का वारले होते. वय अवघे ३६. विचारायला माणूस उरला नव्हता, पण त्यांच्या नोंदी होत्या.

"गाडीला एक तास आहे," एवढे बोलून सर भाकरी सोडू लागले.

मी शंख घेऊन धावलो. सकाळी ओळखीची वाटलेली प्रत्येक घळ आता सारखीच दिसत होती. दोन वेळा मी चुकीच्या कड्यापाशी थांबलो. ऊन चटके देत होते. अखेर पायाखाली सोनेरी कण चमकले आणि एका कपारीत ताजी खोक दिसली. खोकेच्या तळाशी वेटोळ्याचा ठसा उमटला होता. मी शंख त्यात बसवला. धारीला धार जुळली.

तेथेच बसून मी सगळे लिहिले: डोंगर, थर, त्याच्या वरचा खडक, खालचा खडक. परत आलो तेव्हा सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि शंखाभोवती स्वतःच्या हाताने गुंडाळला. झोळीतले बाकीचे दगड मात्र त्यांनी मला डोंगरावरच ठेवायला लावले.