दंशपेशी : समुद्रातील आणि तळ्यातील

विषयप्रवेश : जळगाव व धुळे जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. येथील पुष्कळ मुले समुद्र प्रथम पाहतात तो शाळेच्या सहलीत. वाळूवर पडलेला निळा, फुग्यासारखा जीव दिसताच त्यास हात लावण्याचा मोह त्यांना होणारच. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर ‘ब्लू बॉटल’ नावाचे असे जीव वाहून आले व अनेकांना दंश झाला. म्हणून हा पाठ सहलीपूर्वी घ्यावा.

विवेचन : शिक्षकाने आरंभी खाजकुइलीची आठवण द्यावी. तिच्या शेंगेवरील कुसे अंगास लागली की खाज सुटते व चोळल्याने वाढते, हे मुलांस ठाऊक असते. जेलीफिश, ब्लू बॉटल व समुद्रफूल यांच्या शुंडकांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी व तीत गुंडाळलेला पोकळ धागा असतो. कुपीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच झाकण उघडते, धागा उलटून बाहेर फेकला जातो व विष टोचले जाते. कुपी एकदाच उपयोगी पडते. मग तिच्या जागी नवी पेशी येते. मुख्य गोष्ट ही की, पेशीस प्राण्याच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. म्हणून मेलेला प्राणी किंवा तुटलेले शुंडकही दंश करते.

निरीक्षण : याच संघातील हायड्रा गोड्या पाण्यात राहतो. स्वच्छ, संथ तळ्यातील पाणवनस्पती काचेच्या बरणीत ठेवून एक-दोन दिवस हलवू नये. काचेस चिकटलेला, काही मिलिमीटर लांबीचा बारीक धागा दिसल्यास तो भिंगातून दाखवावा. त्याचा दंश माणसास बाधत नाही.

दक्षता : दंश झाल्यास मुलास पाण्याबाहेर आणावे. जागा चोळू नये. चिकटलेले धागे चिमट्याने काढून समुद्राच्याच पाण्याने धुवावे. लघवी किंवा वाळू लावू नये. ब्लू बॉटलच्या दंशावर सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअस गरम पाण्याने २० मिनिटे शेकल्यास वेदना कमी होतात. पाणी शिक्षकाने प्रथम स्वतःच्या हातावर पाहावे. श्वासास त्रास, छातीत दुखणे किंवा घेरी आल्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

स्वाध्याय : (१) मेलेली जेलीफिश का हाताळू नये? (२) दंशाची जागा चोळल्यास काय होईल?