पद्मिनीचा मूळ रंग

प्रश्न : वडिलांच्या १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीवर ओरखडे आलेत. पूर्ण गाडी रंगवून घेऊ का?
– एक वाचक, वाकोला

उत्तर : अजिबात नको! शेजारच्या कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचा कारखान्यातला रंग पुन्हा मिळणार नाही. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर बारीक पॉलिश हातानेच लावा. फडक्यावर रंग उतरला तर घाबरू नका. वर क्लिअर कोट नसल्याची ती खूण. मशीन मात्र कडांवरचा पातळ थर खाऊन टाकतं. पत्रा उघडा पडला असेल, तर तेवढ्यापुरता प्रायमर आणि बारीक ब्रशने टचअप. छटा गाडीच्या आजच्या रंगाशी जुळवा, जुन्या शेडकार्डाशी नव्हे. आणि हे पावसाळा संपल्यावरच. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं.