दही हातावर, मांडीवर नव्हे!

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये मोटरहोम भाड्याने घेतलं. पहिल्याच वळणावर फ्रिजचं दार उघडलं आणि दह्याचं पातेलं थेट सासूबाईंच्या मांडीवर! रात्री उतारावर मुक्काम केला, तर सकाळी फ्रिज गार होईना. चुकलं कुठे?

उत्तर : प्रवासाला निघताना दही हातावर ठेवतात, मांडीवर नाही! गाडी हलवण्याआधी एक फेरी माराच : फ्रिजची कडी, कपाटांच्या खिट्ट्या, छताची खिडकी, बाहेरची पायरी, विजेची केबल.

तुमचा फ्रिज बहुधा गॅसवरचा असावा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी फार कलली की ते अडतं. मुक्कामी ओट्यावर ताटलीत थोडं पाणी ओता. ते एका कडेला धावलं, तर जागा बदला.

सासूबाईंची समजूत मात्र तुम्हीच काढा!