छत्तीसचा आकडा

मुलांनो, वहीत ३६ हा आकडा ठळक लिहा व त्याच्याकडे नीट पाहा. तीनचे तोंड डावीकडे आहे, सहाचे उजवीकडे. दोन्ही अंक शेजारी उभे आहेत, पण एकमेकांकडे पाठ करून! म्हणूनच ज्या दोघांचे मुळीच पटत नाही, त्यांच्यात ‘छत्तीसचा आकडा आहे’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार हिंदीतही आहे. इंग्रजी अंकांत मात्र ही पाठमोरी जोडी दिसत नाही.

‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ हा याच्या जवळचा वाक्प्रचार. सख्य म्हणजे मैत्री. पण विळ्याशी गाठ पडली की भोपळा चिरला जायचाच. येथे ‘सख्य’ हा शब्द उपरोधाने आला असून त्याचा अर्थ हाडवैर असा होतो. छत्तीसच्या आकड्यात कोणी कोणास चिरीत नाही. दोघांनी तोंडे फिरविलेली असतात, एवढेच.

हा वाक्प्रचार जपून वापरावा. खेळताना दोन मित्र घटकाभर भांडले, तर तो रुसवा होय. दोन शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे अबोला असेल, तर तेथे छत्तीसचा आकडा शोभतो.

आता त्याच अंकांच्या जागा बदला. ६३! दोघे समोरासमोर आले. अंक तेच राहिले, केवळ जागा बदलल्या. माणसांनीही एकदा दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर पुष्कळ भांडणे मिटतील.

स्वाध्याय : वरील दोन वाक्प्रचारांतील फरक सांगा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.